आधी गोळ्या, मग घरची बैठक

प्रश्न (ऐरोली): माझी नणंद २३ वर्षांची आहे, महापेला एका कंपनीत कामाला जाते. शनिवारी रात्री अकराच्या सुमारास ओळखीतल्याच माणसाने तिच्यावर जबरदस्ती केली. तिने मला काल, सोमवारी रात्री सांगितलं. आता घरात सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई म्हणतात, मोठे दीर गुरुवारी गावाहून येतील, मग बसून ठरवू. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न ठरलंय. आज सकाळी जवळच्या नर्सिंग होममध्ये गेलो, तर 'ही पोलीस केस आहे, आधी पोलिसांचं पत्र आणा' म्हणाले. तिला पोलिसांत जायचं नाही, निदान आत्ता तरी नाही. दोन दिवसांत चार वेळा अंघोळ केली आहे तिने. गोळ्यांचा अजून उपयोग होईल का? दिवस गेले तर काय करायचं? आणि सासूबाई विचारतात, लग्नाआधी 'तसं' काही तपासून घेता येतं का?

उत्तर:

ताई, हा पहिला परिच्छेद वाचा आणि निघा, बाकीचं रिक्षात वाचलंत तरी चालेल. शनिवारी रात्री अकरापासून मोजलं तर आज मंगळवारी रात्री अकराला ७२ तास पुरे होतात. एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या गोळ्या त्याच्या आत सुरू व्हायला हव्यात, गुरुवारपर्यंत थांबलात तर ती वेळ गेलेली असेल. वाशी सेक्टर १० चं महापालिका रुग्णालय गाठा, नाहीतर विटाव्यावरून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. पाऊस जोराचा असेल तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं, तेव्हा वाशीच धरा. ओपीडीच्या रांगेत थांबू नका, थेट कॅज्युअल्टीत जा. केसपेपरच्या खिडकीवर चारचौघांदेखत हकिगत सांगायची नाही. 'लेडी डॉक्टरांशी बोलायचंय, तातडीचं आहे' एवढं पुरे. वाटेत मेडिकलमधून दिवस न जाण्याची इमर्जन्सी गोळी घ्या. आय-पिल, अनवाँटेड-७२, जी मिळेल ती. चिठ्ठी लागत नाही. ती तिला तिथेच पाण्याबरोबर द्या आणि रिकामं पाकीट डॉक्टरांना दाखवायला पर्समध्ये ठेवा. शनिवारचे कपडे, आतले धरून, जसे असतील तसे वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते आणि त्यावरचं सगळं कुजतं. धुतले असतील तरी न्या.

आता नर्सिंग होमचं. 'आधी पोलिसांचं पत्र' हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकते आहे आणि दर वेळी माझं डोकं उठतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं की लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, ताबडतोब आणि फुकट उपचार द्यायचे. टाळलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ ला कायद्यांची नावं आणि आकडे बदलले, पण ही तरतूद २०१३ पासून आहे, नवी नाही. असं असूनही गल्लीतला दवाखाना घाबरतो, कारण साक्षीला कोर्टाच्या खेपा नको असतात. भीती मला समजते, पण पेशंटला दारातून परत पाठवणं त्यात बसत नाही. आज मात्र त्यांच्याशी भांडत बसू नका, तुमच्याकडे तेवढे तास नाहीत.

पोलिसांबद्दल तुम्हाला खरं तेच सांगते, म्हणजे तिथे गेल्यावर फसवल्यासारखं वाटणार नाही. रुग्णालयाला पोलिसांना कळवावंच लागतं. आमच्या भाषेत एमएलसी होते, म्हणजे कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये नोंद पडते आणि पोलीस ठाण्याला निरोप जातो. कुणीतरी महिला कर्मचारी येऊन विचारतील. पण कळवणं आमचं काम, तक्रार द्यायची की नाही हा निर्णय तिचा. 'मला आत्ता तक्रार द्यायची नाही' असं ती म्हणू शकते, आम्ही ते तिच्या शब्दांत लिहून तिची सही घेतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. तिने नकार दिला म्हणून एकही गोळी कमी द्यायची नाही. पुढे मन बदललं तर कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्द कुठल्या ठाण्याची हा घोळ त्यांनी आपसांत निस्तरायचा. मुलगी अठराच्या आतली असती तर गोष्ट वेगळी होती, तिथे पोक्सो कायदा लागतो आणि कळवण्यात कुणालाच सूट नाही. तरीही उपचारासाठी कागद मागता येत नाही, हे तिथेही तसंच.

तिच्याकडून संमती एकदाच सरसकट घ्यायची नसते. उपचाराला हो, अंगाच्या तपासणीला हो, पण आतल्या तपासणीला नाही, असं ती म्हणू शकते. मध्येच 'थांबा' म्हणाली तर थांबायचं. पोलीस तपासणीच्या खोलीत थांबत नाहीत. तुम्ही थांबू शकता, तिला हवं असेल तर. हे तिला वाटेतच सांगून ठेवा, कारण टेबलावर झोपल्यावर बाईला 'नको' म्हणणं सुचत नाही. त्या खोलीत काय असतं तेही सांगा: एक टेबल, एक दिवा, एक सिस्टर, कापूस गुंडाळलेल्या काड्या. काड्यांनी नमुने घेऊन त्या सावलीत वाळवतात, कागदी पाकिटात घालतात, पाकिटावर सील आणि सही होते. नखांखालचं घेतात, केस विंचरून घेतात, रक्त आणि लघवी घेतात. घाई नसेल तर तास-दीड तास लागतो. लघवीला जायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, एवढं एक लक्षात ठेवा.

चार अंघोळी झाल्या म्हणून काही उरलं नसेल असं समजू नका. घटनेपासून ९६ तासांपर्यंत, म्हणजे उद्या बुधवारी रात्री अकरापर्यंत, नमुने घ्यायचे असा नियम आहे. मिळेल याची खात्री नाही, पण घेतलेच नाहीत तर परत घेता येत नाहीत. तक्रारीचं ठरलेलं नसलं तरी नमुने देऊन ठेवावेत असा माझा सल्ला असतो. ते किती दिवस आणि कुणाच्या ताब्यात राहतील हे डॉक्टरांना विचारून घ्या, आणि तपासणीच्या अहवालाची एक प्रत मागून घ्या. ती तिला फुकट मिळायला हवी. अंगावर ओरखडा नसला तर 'मग काही झालंच नाही' असं कुणी म्हणेल. माणूस भीतीने गारठतो, हात उचलत नाही, ओरडत नाही. ओळखीतला माणूस असेल तर आणखीच. जखमा नसणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात.

औषधांकडे येते, तुमचा मुख्य प्रश्न तोच आहे.

दिवस न जाण्याची जी गोळी वाटेत घ्यायला सांगितली, तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं औषध दीड मिलिग्रॅम असतं. एकच गोळी. ती बीज बाहेर पडणं लांबवते. आधीच राहिलेला गर्भ ती पाडत नाही, त्यामुळे 'पाप लागेल' वगैरे घरात कुणी म्हणालं तर हे सांगा. पाकिटावर ७२ लिहिलंय म्हणून त्र्याहत्तराव्या तासाला ती पाणी होत नाही. पाच दिवसांपर्यंत देतात, पण उशीर होईल तसा गुण घटतो. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यायची. याहून खात्रीचा उपाय तांबीचा. पाच दिवसांच्या आत बसवली तर शंभरातल्या नव्याण्णवांहून जास्त जणींना दिवस जात नाहीत, आणि मूल न झालेल्या मुलीलाही ती बसवता येते. पण आठवडाभरात दुसऱ्यांदा कुणी आत हात लावणार, हे बऱ्याच मुलींना सोसत नाही. डॉक्टरांनी सुचवावं, ती नको म्हणाली की विषय संपला.

इथे एक गोष्ट डॉक्टरही विसरतात. ती टीबीची किंवा फिट्सची औषधं घेते का? टीबीचं रिफाम्पिसिन ही गोळी शरीरातून भराभर बाहेर काढतं. काही वर्षांपूर्वी कळव्याकडची एक मुलगी वेळेत आली, गोळी वेळेत घेतली, तरी महिन्याने तिची तपासणी पॉझिटिव्ह निघाली. टीबीचा कोर्स चालू होता, तिने सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते. अशा वेळी गोळीचा डोस दुप्पट करतात किंवा तांबी सुचवतात. एचआयव्हीच्या गोळीचाही डोस मग बदलावा लागतो.

त्या एचआयव्हीच्या गोळ्यांना आम्ही पेप म्हणतो. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं, दिवसातून एकदा, २८ दिवस. पहिला डोस जितका लवकर तितका बरा. रक्ताचा रिपोर्ट यायचाय म्हणून पहिली गोळी अडवून ठेवायची नसते. कुणी 'उद्या आयसीटीसी (एचआयव्ही तपासणीचं केंद्र) उघडल्यावर या' म्हणालं तर शांतपणे सांगा, 'आमची वेळ आज रात्री अकराला संपते, पहिला डोस आत्ता द्या, बाकीच्यासाठी उद्या येतो.' कॅज्युअल्टीत हा साठा ठेवलेला असतो, कारण सुई टोचलेल्या सिस्टरलाही तोच लागतो. पुढच्या गोळ्या एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातून, फुकट मिळतात. मळमळ, डोकेदुखी, झोप नीट न लागणं हे पहिल्या आठवड्यात होतं आणि मुली नेमक्या दहाव्या-बाराव्या दिवशी गोळी सोडतात. सोडू देऊ नका. आणखी एक, घरोघरी आपल्याकडे लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालूच असतात. उपाशीपोटी त्या डोल्युटेग्राव्हिरबरोबर घेतल्या तर ते अंगी लागत नाही. पेपची गोळी घेतल्यावर निदान दोन तासांनी लोह घ्या, किंवा दोन्ही जेवणाबरोबर. पित्ताच्या औषधालाही हाच नियम, तिथे मात्र जेवणाची सवलत नाही. एचआयव्हीची तपासणी आज, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी.

गुप्तरोगांसाठी अँटिबायोटिक देतात, लक्षणं नसली तरी देतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, मेट्रोनिडॅझोल अशी नावं चिठ्ठीवर दिसतील. सगळ्या गोळ्या एकदम गिळायला लावल्या तर पोट उलटतं आणि त्याबरोबर महत्त्वाच्या गोळ्याही बाहेर पडतात, म्हणून ही अँटिबायोटिकं जेवणानंतर किंवा उद्या घेतली तरी चालेल का ते विचारा. कावीळ-ब ची लस घेतलेली नसेल तर आज पहिली, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. ती २३ वर्षांची आहे म्हणता, तिच्या जन्माच्या वेळी ही लस सरकारी कार्यक्रमात सगळीकडे आलेली नव्हती, तेव्हा 'लहानपणी सगळ्या दिल्यात' यावर विसंबू नका. जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन.

दिवस गेले तर? आज लघवीची तपासणी करतील, ती फक्त आधीपासून काही नव्हतं हे कळायला. पाळी चार-आठ दिवस मागेपुढे होईल, घाबरू नका. तीन आठवड्यांत आली नाही तर परत तपासा. आणि राहिलाच तर गर्भपात तिचा हक्क आहे. त्यासाठी एफआयआर लागत नाही, कोर्टाचा आदेश लागत नाही, आईची, भावाची, होणाऱ्या नवऱ्याची, कुणाचीही सही लागत नाही. अठरा पूर्ण झालेल्या बाईची एकटीची सही चालते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार झालेल्या बाईला चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर करता येतो. त्यापुढे उच्च न्यायालय गाठावं लागतं, आणि पनवेल-ठाण्याहून फोर्टला चकरा मारणारी कुटुंबं मी पाहिलीत, बहुतेक 'बघू, थांबू' मध्ये वेळ गेलेली. लग्न झालेल्या बाईवर नवऱ्यानेच जबरदस्ती केली असेल तरी गर्भपाताच्या कायद्यापुरता तो बलात्कार धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलंय. तुमच्या प्रश्नात हे नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणालातरी लागेल.

मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी घरी पिशवी साफ करू नका. रक्तस्रावाचा धोका आहेच, शिवाय पुढे तक्रार द्यायची ठरली तर गर्भाचा अंश हा डीएनएचा सगळ्यात पक्का पुरावा असतो. तो साध्या सलाइनमध्ये, बर्फात ठेवून द्यायचा. फॉर्मालिनमध्ये टाकला की डीएनए खराब होतो. माझ्या डोळ्यांसमोर एका वॉर्डात सवयीने, गाठ तपासायला पाठवतात तशी फॉर्मालिनची बाटली पुढे केली गेली आणि मी वळेपर्यंत झाकण लागलं होतं. मावशींचा दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता मी गर्भपाताआधी बाटली स्वतः उघडून हुंगते.

उरला सासूबाईंचा प्रश्न. नाही, 'तसं' काही तपासता येत नाही. योनीचा पडदा कुणाला जन्मतः नावापुरता असतो, कुणाचा ताणला जातो आणि फाटत नाही, बाळंत होईपर्यंतही. तो पाहून कुणाचा संबंध आला की नाही हे सांगणारा डॉक्टर थापा मारतो आहे. हे मी मोठ्या तोंडाने सांगते, पण रुग्णालयात रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ डॉक्टर असताना छापील फॉर्मवर तो रकाना होता आणि मी तो भरलाय. दोन बोटांची तपासणी, म्हणजे योनीत बोटं घालून संबंधांची 'सवय' आहे का ते बघणं, मीही केली आहे. एका मुलीने तेव्हा छताकडे बघत विचारलं होतं, 'त्यात काय लिहिणार?' मी काय लिहिलं ते मला आठवतं, इथे लिहिणार नाही. ती तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात तर सांगितलं की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. आज कॅज्युअल्टीत कुणी तसं करायला लागलं तर तुम्ही 'हे करायचं नसतं' म्हणा, आवाज चढवून म्हणा.

सासूबाईंवर मात्र चिडू नका. त्यांच्या मनात मुलीचं लग्न मोडेल ही भीती आहे, आणि ती त्या अशा तऱ्हेने बोलून दाखवतायत. त्यांना एवढंच सांगा की रुग्णालयातून नाव बाहेर फुटलं तर फोडणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं का, कधी, कुणी, हे तिच्यावर सोडा. या आठवड्यात तर नाहीच. शारीरिक म्हणाल तर औषधं नीट झाली, तपासण्या निगेटिव्ह आल्या की तिच्या संसाराला किंवा पुढे मूल होण्याला या घटनेने आडकाठी येत नाही.

घरी आल्यावर ती परत अंघोळीला जाईल. जाऊ द्या. रात्री दिवा चालू ठेवायचा म्हणाली तर ठेवा. झोपेची गोळी कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका, पहिल्या काही दिवसांत तिने फायदा होत नाही. 'तू ओरडली का नाहीस', 'एवढ्या रात्री का थांबलीस' हे प्रश्न घरात कुणालाही विचारू देऊ नका, तुमच्या नवऱ्यालासुद्धा. महिनाभराने झोप परतली नाही, बसमध्ये बसवत नाही, जेवण तुटलंय असं दिसलं तर समुपदेशक बघा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्री चालतो, मराठीत बोलता येतं. महिलांसाठी १८१ आहे. पुढे गुन्हा नोंदवला तर अत्याचार झालेल्यांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना आहे, अर्ज ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो, वकीलही तिथून फुकट मिळतो. पण ते नंतरचं.

फोनमध्ये रोज रात्री साडेनऊचा गजर लावा, पेपच्या गोळीसाठी. गजराला नाव वगैरे देऊ नका, तिचा फोन कुणाच्याही हातात पडतो. आज पहिली घेतली तर गुरुवारी दीर गावाहून येतील त्या रात्री तिची तिसरी गोळी असेल. मग खुशाल बैठक बसू द्या. तिला त्यात बसायचंय का, हे आधी तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर साडेनऊला उठून आतल्या खोलीत तिला पाणी नेऊन द्या.